पोटाखाली फ्लोट बांधलेली जर्मन लढाऊ विमानं: फसलेला प्रयोग?

उंडगा: पहिल्या महायुद्धात जर्मन नौदलासाठी जमिनीवरच्या विमानांची चाकं काढून खाली दोन फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ पाय, लावले गेले. रुम्पलर ६बी, अल्बाट्रॉस डब्ल्यू.४, ब्रांडेनबुर्ग केडीडब्ल्यू, तिन्ही १९१६ ची, एकाच खुर्चीची. चपळ विमानाला असं लोढणं अडकवायचं आणि वर त्यानं शत्रूचा पाठलाग करावा म्हणायचं! माझ्या मते हा हट्ट होता.

तांडेल: असहमत. १९१६ साली समुद्रावरून चालून येणारी ब्रिटिश विमानंही बऱ्याचदा फ्लोटवालीच असायची, म्हणजे लोढणं दोघांनाही. आणि त्या काळची इंजिनं कधी दगा देतील नेम नव्हता. फ्लोटवाला निदान पाण्यावर उतरून मदतीची वाट बघेल. चाकवाला थेट तळाला.

उंडगा: उत्तर समुद्र म्हणजे काय आपला खडकवासला आहे? लाटांत फ्लोट किती टिकणार? आणि हट्ट नव्हता, तर १९१७ मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्यावर फ्लँडर्सला खुद्द नौदलानेच साक्सेनबर्ग या वैमानिकाच्या हाताखाली चाकांच्या लढाऊ विमानांची तुकडी का उभी केली?

गिरमिट: दोघंही एका खुर्चीवरून भांडताय. खरी गंमत दुसऱ्या खुर्चीत आहे. एकटा पायलट असला की पाठ उघडी, आणि फ्लोटमुळे पटकन वळून निसटताही येत नाही. ब्रांडेनबुर्गचा रचनाकार हाइनकेल, त्याने १९१७ च्या डब्ल्यू.१२ मध्ये मागे मशीनगनवाला बसवला. त्याच्या गोळीला शेपूट आडवी येऊ नये म्हणून सुकाणू चक्क खाली लटकवलं! चित्र बघा, शेपूट उलटी बसवल्यासारखी दिसते. बेल्जियममधल्या झेब्रुगे तळावरच्या क्रिश्चियानसेन या जर्मन वैमानिकाने ११ डिसेंबर १९१७ ला अशाच विमानातून ब्रिटिशांचं सी.२७ हे गॅसवर तरंगणारं हवाई जहाज (एअरशिप) पाडलं.

उंडगा: गॅसची पिशवी फोडली. बरं.

गिरमिट: मग पाणबुडी घ्या. १९१८ ला खालचे पंख काढून डब्ल्यू.२९ आलं. त्याच वर्षी ६ जुलैला क्रिश्चियानसेनच्या तुकडीने पाण्यावर असलेल्या ब्रिटिश सी-२५ पाणबुडीला नुसत्या मशीनगननी चाळण केलं. कप्तान ठार.

तांडेल: बुडाली नाही हो ती. बाकी सहमत. फक्त क्रिश्चियानसेनचं कौतुक बेतानं करा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, हॉलंडचं पुटेन गाव उद्ध्वस्त करण्याचा हुकूम त्याचाच, त्यासाठी पुढे १२ वर्षांची शिक्षा झाली.

उंडगा: ठीक, दोन खुर्च्यांचं मान्य. पण केडीडब्ल्यूला मी अजूनही लोढणंच म्हणणार.