बळ्ळारी नाल्याचा पूर मोजताना
चोवीस तासांच्या पावसावरून बेळगावच्या बळ्ळारी नाल्याची रुंदी ठरवावी, ही सूचना मला धोक्याची वाटते. दिवसभरात १०० मि.मी. पाऊस झाला तर तासाची सरासरी जेमतेम ४ मि.मी. येते, पण वडगाव-शहापूरच्या भातशेतीत पाणी घुसते ते त्यातल्या दोन-तीन तासांच्या जोरामुळे. पाणलोटाच्या टोकापासून विचाराधीन पुलापर्यंत पाणी पोहोचायला जितका वेळ लागतो, तितक्या अवधीची पर्जन्यतीव्रता घ्यायला हवी.

समजा, ५०० हेक्टरचे पाणलोट, तासाला ५० मि.मी. तीव्रता आणि ०.४ अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) धरला, तर या तिन्हींच्या गुणाकाराला, एकके जुळवण्यासाठी, ३६० ने भागून सेकंदाला सुमारे २८ घनमीटर प्रवाह येतो. त्याच जमिनीवर वसाहती होऊन गुणांक ०.६ झाला, तर तोच आकडा ४२ च्या आसपास जातो, आणि सिमेंटच्या गटारांमुळे पाणी लवकर पोहोचत असल्याने तीव्रताही वाढीव धरावी लागते. म्हणून आजच्या नव्हे, पुढच्या वीस वर्षांच्या वस्तीचा गुणांक घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. (ही रीत लहान पाणलोटांपुरतीच, संपूर्ण नाल्यासाठी जलालेख, म्हणजे वेळेनुसार बदलत्या प्रवाहाचा आलेख, मांडावा.)

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ येणारा पूर म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता. पंचवीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के भरते, हे शेतकऱ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. शिवाय गाळ आणि जलपर्णीने तुंबलेल्या पात्रात किंवा पुढचे पाणी तुंबून मागे फुगवटा आल्यास, कागदावरची वहनक्षमता मिळत नाही. त्यामुळे पातळीची गणना खालच्या टोकापासून वर करत आणावी.