गोदाकाठची कांदा चाळ: परवानगीतून सूट द्यावी का?

(चर्चेत चौघे टोपणनावांनी बोलतात: कडवाकाठ, पाणथळ, थडीकर आणि गट नकाशा.)

कडवाकाठ
नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यालगतच्या शेतकऱ्याला स्वतःच्या गटात कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, बांधायची, तर रिसॉर्टवाल्याइतकेच कागद गोळा करावे लागतात. हे चुकीचे आहे. जमीन महसूल संहितेत शेत-इमारतीची व्याख्या स्पष्ट आहे: अवजारे, खत, चारा ठेवणे, शेतमालाची साठवण, जनावरांचा निवारा, कुटुंबाची आणि गड्यांची राहण्याची सोय. चाळ म्हणजे शेतमालाची साठवण, यात शंका घ्यायला जागाच नाही.

आता आकार बघा. 25 टनांची दुपाखी (मध्ये वाट, दोन्ही बाजूंना कांद्याची रांग) चाळ म्हणजे लांबी 40 फूट, दोन्ही पाख्या 4-4 फूट, मधली वाट 5 फूट, कांद्याचा थर 5 फूट. जमीन अडते साधारण 48 चौ. मी. भिंत नाही, बाजूंना बांबू किंवा पट्ट्या. माझी मागणी एवढीच: 50 टनांपर्यंतच्या अशा चाळीला फक्त लेखी सूचना पुरे. 30 दिवसांत हरकत आली नाही, तर परवानगी मिळाली असे धरावे. उन्हाळी कांदा मार्चअखेर निघायला लागतो, तो फाइलसाठी थांबत नाही.

पाणथळ
48 चौ. मी. हा छपराखालचा हिशेब झाला. भराव धरा. 520 चौ. फुटांवर 2 फूट मुरूम म्हणजे 10 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). बांधापासून चाळीपर्यंत ट्रॅक्टर जायला 100 मीटर रस्ता, 10 फूट रुंद, 1 फूट जाड: सुमारे 33 ब्रास. म्हणजे चाळीच्या तिपटीहून जास्त मुरूम रस्त्यातच जातो, आणि अर्जात त्याचा शब्द नसतो. इथे बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणी उथळ पसरते. अशा सपाट काठावर फूटभर उंचीची पट्टी आडवी आली की पुराचे पाणी शेजारच्या गटात तुंबते.

शिवाय ही राज्यातली पहिली रामसर पाणथळ आहे, म्हणजे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारातल्या यादीत आहे. 2017 च्या पाणथळ नियमांप्रमाणे 10 वर्षांतल्या सरासरी कमाल पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम चालत नाही. "चाळ कायमस्वरूपी नाही" हे म्हणणे काँक्रीटचा खांब रोवला की संपते. 30 दिवसांच्या मानीव परवानगीला माझा ठाम विरोध आहे. पूर कुठवर येतो ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसते. डिसेंबरातल्या अर्जावर कोरडे रान बघून कोण काय सांगणार?

कडवाकाठ
पाणथळ, भरावाचा मुद्दा मान्य, पण तो चाळीचा दोष नाही, बांधण्याच्या पद्धतीचा आहे. चाळीला खालून हवा लागते, म्हणून तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेलाच हवा. तो खांबांवर उचला, भरावाची गरजच पडत नाही. भराव घातला तर उलट खालची हवा कोंडते आणि तळचा थर आधी सडतो. काळ्या जमिनीत मात्र खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. वरच्या काळीत खांब उभा केला तर उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात माती फुगते आणि दोन वर्षांत खांब कलतात. रस्त्यालाही मुरूम कशाला? माल भरायचा एप्रिल-मेमध्ये, तेव्हा रान टणक असते.

थडीकर
आणि काढायचा कधी? ऑगस्ट ते ऑक्टोबर, भाव येईल तसा. तेव्हा रानात चिखल असतो, म्हणून रस्ता होतोच.

मला दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटलेली दिसते. काठावरची चाळ कांद्यालाच मानवत नाही. साठवणीला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 25 ते 30 अंश तापमान लागते. पाण्याला खेटून पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या खूप वर जाते, मग काजळी (काळी बुरशी) येते, मानेतून सड सुरू होते. 50 मीटरची अट नसती तरी जाणत्या माणसाने चाळ उंचवट्यावरच घेतली असती. दुपाखी असेल तर लांबी पूर्व-पश्चिम, एकपाखी असेल तर दक्षिणोत्तर.

माझी खरी चिंता द्राक्षाच्या पॅकहाऊसची, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरायच्या इमारतीची आहे. चाळीला दिलेली सूट उद्या तेही मागतील. जानेवारी ते मार्च हा माल काढणीचा हंगाम, आणि स्थलांतरित पक्षी तेव्हा इथेच असतात. शीतगृहाचा जनरेटर, रात्रभर हॅलोजन, नव्या वीजतारा. रोहित (फ्लेमिंगो) आणि क्रौंच पक्षी उतरताना तारांवर आदळतात. अशा इमारतीला पूर्ण परवानगी हवीच, आणि तार जमिनीखालून, दिव्याचा झोत खाली, या अटी लेखी हव्यात.

गट नकाशा
वाद राहू द्या, फाइल कुठे अडते ते सांगतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कात वनाची नोंद आहे का ते पहिले बघावे. असेल तर पुढचा खर्च करू नये, आधी ती नोंद निस्तरावी. मग मोजणी, आणि मोजणीच्या नकाशावर अभयारण्याची हद्द आणि पूररेषा दाखवून घ्यावी. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत काही मागू नये.

क्षेत्राचा हिशेब: महसूल संहितेच्या कलम 41 खाली परवानगी लागणाऱ्या भागात धारण 0.4 हेक्टरपेक्षा कमी असेल तर पहिलीच इमारत नाकारली जाते. 0.6 हेक्टरपर्यंत जोते 150 चौ. मी., त्यापुढे क्षेत्राचा 40 वा भाग किंवा 400 चौ. मी., यातले कमी ते. सामाईक सातबारा असेल तर भावांची संमती आधीच जोडा.

सर्वांत मोठी चूक नकाशावरच्या एका शब्दाची. "गोदाम" लिहिले की व्यापारी वापराची शंका येते. "स्वतःच्या शेतमालासाठी कांदा चाळ" असे लिहा, आणि जोते, छपराचा बाहेर आलेला भाग, ट्रॅक्टरची वाट, तिन्ही काढा. वाट लपवली तर पाहणीत फाइल परत येते.

पाणथळ
हे पटले. पण शेवटी पुराची खूण ठरवणार कोण?

गट नकाशा
ऑगस्टमध्ये पाणी ओसरले की बाभळीला काडीकचरा अडकलेला राहतो. ती ओळ तलाठी आणि वनरक्षकासमोर दगड रोवून पक्की करावी, पंचनाम्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. अर्ज ऑक्टोबरात टाकावा.

कडवाकाठ
तसा दगड रोवलेला असेल, चाळ त्याच्या 50 मीटर बाहेर, खांबांवर, 25 टनांपर्यंत, एवढ्यालाच सूट मागतो. 50 टनांचा हट्ट सोडला. पण मुदतीचा नाही. पंचनामा झाल्यावरही फाइल मार्चपर्यंत पडून राहणार असेल, तर शेतकऱ्याने कांदा ताडपत्रीखाली टाकून वळवाची वाट बघायची का?

पाणथळ
पंचनामा जोडलेला असेल तर 60 दिवसांची मुदत मान्य. तो नसेल तर एक दिवसही नाही.