'गेट' म्हणजे फक्त 'मिळणे' नाही, मग काय काय?

(शब्दखोडी, पदच्छेद आणि कानामात्रा ही या चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

शब्दखोडी: 'आय गॉट अ लेटर' म्हणजे पत्र मिळालं, इथवर ठीक. पण 'आय गॉट अँग्री' आणि 'आय गॉट माय हेअर कट' यांत 'मिळणे' बसत नाही. 'आय गॉट टु गो'चा अर्थ कुणी 'मला जायला मिळालं' सांगतं, कुणी 'मला जायला हवं'. कुठे कोणता अर्थ धरायचा, हे ओळखायचं कसं?

पदच्छेद: 'गेट'च्या पुढे काय आलंय ते बघा, निम्मं काम तिथेच होतं.

नाम असेल तर मिळणे, आणणे किंवा विकत घेणे. 'गेट मी अ पेन' म्हणजे पेन आणून दे. आजारही यातच: 'आय गॉट अ कोल्ड', मला सर्दी झाली.

विशेषण असेल तर 'होणे'. सर्वाधिक घोळ इथे होतो, खरं तर मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. आपण 'होता' आणि 'झाला' वेगळे ठेवतोच. 'ही वॉज अँग्री' म्हणजे तो रागात होता. 'ही गॉट अँग्री' म्हणजे तो रागावला. रागावण्याचा क्षण सांगायचा असताना सवयीने 'वॉज' वापरलं की घटना जाऊन नुसती अवस्था उरते. मात्र पुढे नाम असताना 'होणे'साठी 'गेट' चालत नाही. 'ही गॉट डॉक्टर' चूक, तिथे 'बिकेम अ डॉक्टर'च.

कानामात्रा: केसांचं वाक्य प्रयोजक आहे, म्हणजे काम दुसऱ्याकडून करवून घेतल्याचं: 'कापून घेतले'. 'आय कट माय हेअर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, कात्री तुमच्याच हातात होती. क्रम पक्का ठेवा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काम करणाऱ्याचं नाव घ्यायचं तर 'टु' लागतो: 'गेट हिम टु साइन'. 'हॅव'बरोबर मात्र 'टु' येत नाही: 'हॅव हिम साइन'.

हीच रचना नको असलेल्या घटनेलाही चालते. 'ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर' म्हणजे त्याचं बोट दारात सापडलं. त्याने ते सापडवून घेतलं नाही!

पदच्छेद: राहिला 'गॉट टु'. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. 'गेट टु' म्हणजे '-यला मिळणे': 'आय गॉट टु मीट हर', मला तिला भेटायला मिळालं. 'हॅव गॉट टु' म्हणजे '-यला हवं'. बोलताना यातला 'हॅव' गळतो आणि दोन्ही सारखे ऐकू येतात. 'नाऊ' असेल तर हवं, 'यस्टर्डे' असेल तर मिळालं. 'काल जावं लागलं' म्हणायचं असेल तर 'हॅड टु गो'.

शब्दखोडी: आणि 'गॉटन'?

कानामात्रा: अमेरिकन वापर. तिथे 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे आणि 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीकडे 'गॉट', अर्थ संदर्भावरून.

जाता जाता: बसमधून उतरायला 'गेट ऑफ', कारमधून 'गेट आउट ऑफ'. 'गेट डाउन' भारतीय इंग्रजीत चालून जातं, बाहेर खटकतं.