चिंचिलाने रबराचा तुकडा गिळला असावा : मुंबईतील सभासदांकडून तातडीचे मार्गदर्शन हवे

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार, वि. वि.

आमची मुलगी गेल्या वर्षी शिक्षणासाठी मुंबईला गेली आणि अंधेरीला माझ्या धाकट्या बहिणीकडे राहते. तिथे तिने एक चिंचिला (सशासारखा दिसणारा, दाट केसांचा, कुरतडणारा छोटा प्राणी) पाळला आहे. त्याचे नाव कापूस, वय सुमारे तीन वर्षे. काल रात्री साडेअकराच्या सुमारास तो खोलीत मोकळा असताना त्याने ईअरफोनचे रबरी बोंड कुरतडले, आणि त्याचा जवळजवळ अर्धा भाग सापडत नाही. आता तिथे उजाडले आहे. तो हिंडतो-फिरतो आहे, परंतु रात्रीपासून त्याने गवताला तोंड लावलेले नाही. केळे कुस्करून भरवावे, नाहीतर एरंडेलाचे चार थेंब पाजावेत, असे घरातली वडील मंडळी सुचवत आहेत. मुंबईला परत गेलेल्या सभासदांपैकी कोणाला अनुभव असल्यास कृपया लगेच कळवावे.

---

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र पुढे वाचण्याआधी मुलीला फोन करून सांगा की केळे नको, एरंडेल नको आणि मिठाचे पाणी तर मुळीच नको. रात्रभर गवत खाल्लेले नाही, तेव्हा आजच, आणि शक्यतो सकाळीच, डॉक्टरांना दाखवायला हवे. लाळ गळत असेल, तो पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडत असेल किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर वस्तू घशात अडकली असण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास दवाखान्याच्या वेळेची वाट न पाहता चोवीस तास उघडा असणारा दवाखाना गाठावा.

चिंचिलाला उलटी होत नाही, म्हणून ती करवण्याचे सगळे प्रयत्न व्यर्थ आणि घातक ठरतात. लहान मुलाने नाणे गिळले की केळे खाऊ घालायचे, ही आपल्याकडची जुनी रीत असल्यामुळे घरच्यांचा सल्ला मायेपोटीच आला आहे हे मी जाणते. परंतु हा प्राणी अँडीज पर्वताच्या कोरड्या उतारांवरचा असून त्याचे आतडे सुक्या, चोथट गवतासाठीच घडलेले आहे. केळ्यातली साखर तिथे आंबते, वायू धरतो आणि आधीच मंदावलेले पोट फुगते. एरंडेलाने आतड्याला कळा येतात, आणि पुढे वाट बंद असेल तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. शिवाय ड्रॉपरने घाईघाईत पाजलेले तेल फुप्फुसात जाण्याची भीती असतेच. ‘काहीतरी द्या’ या आग्रहासमोर ठाम राहणे मुलीला जड जाईल, म्हणून तुम्ही स्वतः बहिणीशी बोलावे असे मला वाटते.

दरम्यान मुलीने बोंडाचे सगळे तुकडे गोळा करावेत. चिंचिला पुष्कळदा नुसता कुरतडतो आणि कण तिथेच टाकतो, त्यामुळे चादरीच्या घड्या, पिंजऱ्याचा तळ आणि त्याच्या अंगाखालची केसाळ जागा नीट पाहावी. आमच्याकडे रिमोटचे बटण असेच गेले होते, तेव्हा मी वर्तमानपत्रावर दुसऱ्या रिमोटचे तसेच बटण ठेवले आणि त्याच्या शेजारी चिमट्याने एकेक कण जुळवत गेले. शेवटी उरलेली रिकामी जागा तुरीच्या डाळीएवढी होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की गेलेला तुकडा केवढा आणि कशाचा, आणि माझ्याकडे उत्तर तयार होते. तुमच्या मुलीने उरलेले बोंड आणि दुसऱ्या कानाचे अखंड बोंड, दोन्ही सोबत न्यावीत.

त्याच वेळी आम्ही आधी ज्या दवाखान्यात गेलो, तिथे कुत्र्यामांजरांचीच ये-जा असे, आणि तिथल्या डॉक्टरांनी सद्भावनेने तोंडावाटे देण्याचे अमोक्सिसिलिन लिहून दिले. दुसऱ्या डॉक्टरांनी ते हातातून काढून घेतले. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे तोंडावाटे दिली तर चिंचिलाच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि विषारी जीवाणू माजतात, हे मला तेव्हा कळले. म्हणून घरातले कोणतेही अँटिबायोटिक देऊ नये. परळचे बैलघोडा हॉस्पिटल आपल्या सर्वांना माहीत आहे, आणि १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचेच; परंतु कुठेही निघण्याआधी फोनवर एवढेच विचारावे की चिंचिला, गिनिपिग किंवा ससा तपासणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का.

रबर एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे ‘काही दिसले नाही’ म्हणजे पोटात काही नाही असे समजू नये. डॉक्टर एक्स-रेवर वायू कुठे साठला आहे ते पाहतात, आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी करतात. आतड्याची हालचाल वाढवणारे औषध किंवा सिरिंजने भरवण्याचे खाणे, वाट मोकळी आहे याची त्यांनी खात्री केल्यावरच द्यावे. शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय आहे, कारण जेमतेम अर्धा किलोच्या या जिवाला भूल झेपणे कठीण जाते.

अंधेरीहून निघताना उन्हाची वेळ टाळावी. तापमान २५ अंशांच्या वर गेले की इतक्या दाट केसांच्या प्राण्याला उष्माघाताचा धोका असतो, म्हणून रिक्षा नको, एसी लावलेली टॅक्सीच बरी. बर्फ केलेली पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून खोक्यात एका कडेला ठेवावी, म्हणजे त्याला हवे तेव्हा टेकता येईल आणि नको तेव्हा दूर सरकता येईल. गवत आणि पाणी मात्र समोर राहू द्यावे.

पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद अंथरून लेंड्या मोजाव्यात, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करावे. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा थांबल्या, तो पाठ काढून बसू लागला किंवा दात खाऊ लागला, तर पुन्हा लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

आपली,
पार्ल्याची एक सभासद

---

ताई, तुमचे पत्र मी फोनवर मुलीला शब्दशः वाचून दाखवले, आणि केळ्याची वाटी बहिणीने स्वतःच उचलून ठेवली.

साडेदहाला डॉक्टरांनी तपासले. वायू थोडा होता, अडथळ्याची स्पष्ट खूण नव्हती. त्यांनी कातडीखाली सलाईन आणि वेदनाशामक दिले, आणि संध्याकाळी त्याने गवताच्या चार काड्या ओढल्या. वजन पहिल्या दिवशी ५१२ ग्रॅम होते, दुसऱ्या दिवशी ४९८ झाले आणि आज ५०६ आहे. आज सकाळी एका लेंडीत मुगाच्या सालीएवढा राखाडी रबराचा तुकडा निघाला. मुलीने तो धुऊन दुसऱ्या बोंडाशी जुळवून पाहिला, तर एका कडेला अजून तांदळाच्या कणीएवढी जागा उरते. म्हणून आणखी काही दिवस कागद अंथरणे आणि वजन करणे चालू ठेवावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.