पहिले घर, १९९१ सालची इमारत आणि साडेचार लाख रुपये: आधी कशावर खर्च करावा?

पहिलीपायरी:

नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही पुण्यात, धनकवडीत, जुना वन बीएचके फ्लॅट विकत घेतला. इमारत १९९१ साली बांधलेली आहे, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर असून चटई क्षेत्र ४३० चौरस फूट आहे. बँकेने कर्ज देताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क धरले नाही, त्यामुळे ते पदरचे भरावे लागले आणि आता दुरुस्ती व सामानासाठी आमच्याजवळ साडेचार लाख रुपये उरले आहेत. त्यासाठी आणखी कर्ज काढायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

घराची स्थिती अशी आहे. बाथरूमच्या नळाला पाण्याची धार अगदी बारीक येते आणि सकाळी पहिले पाणी तांबूस असते. विजेची बटणे जुनी, काळी पडलेली आहेत आणि गिझरच्या सॉकेटचा एक कोपरा जळालेला आहे. बेडरूमच्या छताला एका कोपऱ्यात पोपडे आले आहेत. ओटा बुटका आहे, माझ्या सासूबाईंना वाकून काम करता येत नाही. हॉल आणि बेडरूममध्ये आधीच्या मालकांनी जमिनीवर लिनोलियम चिकटवले आहे.

एका कंत्राटदाराने सर्व कामाचे ९ लाख २० हजारांचे अंदाजपत्रक दिले. त्यात फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, मॉड्युलर किचन, भिंतीतली कपाटे आणि सर्वत्र नवीन व्हिट्रिफाइड फरशी आहे. 'निम्मे काम आता आणि निम्मे पुढच्या वर्षी' असे तो म्हणतो, पण निम्मे म्हणजे नेमके कोणते, हे आम्हाला ठरवता येत नाही. भाड्याच्या घराचा करार ३१ मे रोजी संपतो, म्हणजे हप्ता आणि भाडे दोन्ही भरण्याचे आमच्याकडे अडीच महिने आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा:

ताई, मी स्थापत्य अभियंता आहे आणि गेली बरीच वर्षे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचीच कामे करतो. आपण दिलेल्या वर्णनावरून माझे मत ठाम आहे: भिंतीच्या आत जे जाते त्यावर आधी आणि पुरेसा खर्च करावा, भिंतीच्या बाहेर जे दिसते ते हळूहळू करता येते. आज टीव्ही युनिट केले नाही म्हणून काही बिघडत नाही, परंतु भिंतीतले जुने पाइप तसेच ठेवून त्यावर नवीन टाइल बसवली, तर दोन वर्षांनी तीच टाइल फोडावी लागते.

तांबूस पाणी आणि बारीक धार ही जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजल्याची खूण आहे. गंजाचे थर चढत चढत पाऊण इंची पाइपचे भोक कधी कधी पेन्सिलीएवढे उरते. हे सर्व पाइप काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारे प्लास्टिकचे पाइप, टाकून घ्यावेत, आणि बाथरूम व संडास उघडलेच आहेत तर खालचा सखल भाग पूर्ण रिकामा करून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे. जुना भराव काढणे, नहाणी ट्रॅप (जमिनीतले सांडपाण्याचे तोंड) बदलणे, विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर घोटाई आणि रासायनिक लेप, हा क्रम मोडू देऊ नये. लेप वाळला की ट्रॅपच्या तोंडाला कपड्याचा बोळा घट्ट बसवून दोन-तीन इंच पाणी साठवावे आणि ते ४८ तास तसेच ठेवावे. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवावी, आणि दोन्ही दिवस खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचे छत हात लावून पाहावे. ते कोरडे असल्याशिवाय फरशी बसवायला परवानगी देऊ नये. मिस्त्री घाई करतात, कारण त्यांची दोन दिवसांची मजुरी खोळंबते. ती मजुरी आपण द्यावी, पण चाचणी सोडू नये.

जळालेला सॉकेट ही धोक्याची सूचना आहे आणि वायरिंग बदलेपर्यंत गिझर वापरू नये. त्या काळातल्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत आणि सर्व ठिकाणी अर्थिंग पोहोचलेले नसते. पूर्ण वायरिंग तांब्याचे करून घ्यावे: दिवे-पंख्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, साध्या सॉकेटसाठी २.५ आणि गिझर किंवा एसीसाठी ४. मुख्य पेटीत एमसीबीबरोबर (भार वाढला की वीज तोडणारे बटण) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारे बटण) हवाच, कारण एमसीबी तारेला वाचवतो आणि आरसीसीबी माणसाला. एसी आता घेणार नसलात तरी त्याची तार आत्ताच टाकून ठेवावी, नंतर झिरी (तारेसाठी भिंतीत खोदलेली खाच) मारायची तर नव्या रंगाची नासाडी होते.

साडेचार लाखांची माझी ढोबळ मांडणी अशी राहील. बाथरूम, संडास आणि नळकाम मिळून १ लाख ३० हजार, वायरिंग ६५ हजार, ओटा आणि त्याखालची मांडणी ६० हजार, फरशी व रंग ७५ हजार. हे ३ लाख ३० हजार झाले. उरलेल्यातले ४५ हजार बाजूला ठेवावेत, कारण जुने घर उघडल्यावर काहीतरी निघतेच, आणि ७५ हजारांत सामान घ्यावे. दर भागानुसार आणि मालानुसार बदलतील, पण प्रमाण साधारण असेच असावे.

एक विनंती. लिनोलियमचा कोपरा उचलून खाली काय आहे ते पाहा.

कोरडीभिंत:

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझा अनुभव फक्त पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि तो मला बराच महागात पडला म्हणून लिहितो आहे.

मी सर्व काम एकाच कंत्राटदाराला मालासकट ठोक रकमेत दिले आणि सुरुवातीलाच साठ टक्के उचल दिली. तोडफोड होईपर्यंत दररोज माणसे येत होती, त्यानंतर आठवडा-आठवडा कोणी फिरकले नाही. घर राहण्यासारखे नव्हते आणि दुसरा माणूस लावायला हातात पैसे नव्हते. त्या काळात आईला गावी ठेवावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की नळकाम, वायरिंग, गवंडीकाम आणि रंगकाम यांचे दर वेगवेगळे घ्यावेत, शक्य तिथे माल स्वतः आणून फक्त मजुरी ठरवावी, आणि झालेल्या कामाचे मोजमाप करूनच पैसे द्यावेत. विजेचे सामान बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि कड्या-बिजागऱ्यांसारखे हार्डवेअर बोहरी आळीत चार दुकाने फिरून घेतले, तर फरक नक्की जाणवतो. माल मात्र आयएसआय खुणेचाच घ्यावा आणि पक्के बिल मागावे.

दुसरे असे की भिंती बुजवण्यापूर्वी प्रत्येक झिरीचे फोटो काढून ठेवावेत, आणि फोटोत मोजपट्टी जमिनीपासून उभी धरलेली दिसावी. आमच्याकडे आरसा लावताना याच फोटोवरून कळले की गरम पाण्याचा पाइप बेसिनच्या मध्यापासून चार इंच डावीकडे, म्हणजे नेमका जिथे भोक पाडणार होतो तिथेच आहे.

सचिव_सध्यामाजी:

मी एका गृहनिर्माण संस्थेचा सात वर्षे सचिव होतो. हातोडा चालवण्यापूर्वी संस्थेला लेखी अर्ज करून कामाचे स्वरूप कळवावे, तुळई, खांब किंवा बाहेरची भिंत यांना हात लावू नये, आणि राडारोडा कुठे ठेवायचा, कोणत्या वेळेत उतरवायचा हे आधी ठरवून घ्यावे. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून राडारोडा उतरवण्याची मजुरी अंदाजपत्रकात बहुधा नसते, ती विचारून घ्यावी.

बेडरूमच्या छताचे पोपडे आपण स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करण्याची घाई करू नये. आपल्या डोक्यावर गच्ची आहे, आणि आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या कारभाराचे नमुना नियम) पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती थांबवण्याचा खर्च संस्थेचा असतो, तर घरातील संडास, सिंक इत्यादींमुळे होणारी गळती ही सभासदाची जबाबदारी असते. तारीख घातलेले फोटो जोडून आजच पत्र द्यावे आणि पोच घ्यावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी गच्चीचे काम होण्याची शक्यता वाढेल.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे इमारत तीस वर्षांपुढची आहे. अशा इमारतीचे संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) उपविधींनुसार दर तीन वर्षांनी व्हायला हवे, त्यामुळे शेवटचा अहवाल पाहायला मागावा. त्याच वेळी पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत आला आहे का, तेही इतिवृत्तात पाहावे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी असल्यामुळे हा विषय एकदा निघाला की पूर्वीपेक्षा वेगाने पुढे जाऊ शकतो. भिंतीत ठोकलेली कपाटे आणि छताला चिकटवलेले पीओपी सोबत नेता येत नाही. पलंग नेता येतो.

पहिलीपायरी:

सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा दादांच्या सांगण्यावरून रविवारी लिनोलियमचा कोपरा उचलला. खाली जुनी मोझेक फरशी आहे: पांढऱ्या सिमेंटमध्ये तांबड्या, काळ्या आणि थोड्या हिरव्या संगमरवराच्या खड्या. डिंकाचा काळा थर आहे, दोन फरश्यांना चीर गेली आहे, पण हात फिरवला तर कुठेही उंचसखल लागत नाही. सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या माहेरी वाईला अशीच फरशी होती. कंत्राटदार मात्र 'यावरच नवीन टाइल चिकटवून देतो' असे म्हणतो.

संस्थेच्या इतिवृत्तात पुनर्विकासाचा विषय एकदाच, तोही केवळ चर्चेसाठी, आलेला आहे. गच्चीबाबत पत्र देऊन पोच घेतली. आता ओटा आणि सामान यांबद्दल सांगावे, ही विनंती.

ओळंबा:

ती फरशी कृपया झाकू नका. फरशीवर फरशी चढवली की पातळी वर येते, दारे खालून कापावी लागतात आणि स्लॅबवर विनाकारण वजन वाढते. मोझेक घासून पुन्हा नवी करता येते, आणि त्याचा खर्च नव्या फरशीच्या तुलनेत बराच कमी येतो. आधी डिंक खरवडून काढावा, चिरा व सांधे त्याच रंगाच्या सिमेंटने भरावेत, मग जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत मशिनने घासून घ्यावे. घासताना निघणारा चिखल भिंतीवर उडतो, म्हणून पहिली घासाई रंगाच्या आधी आणि शेवटची चमक रंगानंतर करावी. हा चिखल नहाणीत ओतू देऊ नये, तो सुकला की ट्रॅप कायमचा तुंबतो. बादल्यांत भरून बाहेर न्यायला सांगावे.

रंगाचे काम मेअखेरीपूर्वी संपवावे. बेडरूमच्या त्या कोपऱ्याला मात्र आत्ता पुट्टीही लावू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा, गच्चीचे काम खरोखर टिकले का ते पाहावे आणि दिवाळीआधी तो कोपरा रंगवावा. तोपर्यंत त्या भिंतीला कपाट टेकवू नये.

वाड्यातलीमाणसे:

ओट्याबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरात तीन पिढ्या एका ओट्यावर काम करतात. उंची पुस्तकातली घेऊ नका. सासूबाईंना उभे करा, कोपरात हात वाकवायला सांगा आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली खूण करा. आमच्याकडे ती ३२ इंचांवर आली, मिस्त्री ३४ म्हणत होता. ग्रॅनाइट वरच्या थराला पुरे, खालचे कप्पे कडप्प्याचे करा. सिंकखाली प्लायवूड कितीही चांगले असले तरी ओल खाते, कडप्प्याला त्याचे काही नाही. दोनच ट्रॉल्या घ्या, एक चमचे-वाट्यांना आणि एक ताटांना, बाकीच्या जागी साधी दारे लावली तरी चालते. ती दारे प्लायवूडची करणार असाल तर आयएस ७१० छाप (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडची खूण) पाहून घ्या.

सामानाचे म्हणाल, तर आधी जिन्याचे वळण मोजा. आमचे सहा फुटी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकले आणि परत खाली न्यावे लागले. तिसऱ्या मजल्यासाठी सुटे होणारेच कपाट आणि पलंग घ्या. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला पाडलेल्या वाड्यांचे सागवान मिळते. आम्ही अशाच एका जुन्या दाराच्या फळ्यांचा पलंग सुताराकडून बनवून घेतला. त्या फळ्यांवर कडीच्या खुणा अजून आहेत, त्या आम्ही मुद्दाम घासल्या नाहीत. लाकूड घेताना खिळे मोजून घ्या आणि वाळवीची भोके पाहा. गाद्यांसाठी घरातला जुना कापूस पिंजून घेतला तर फक्त मजुरी आणि खोळीचे कापड एवढाच खर्च येतो. सोफा लगेच घेऊ नका. सहा महिने सतरंजी आणि दोन खुर्च्यांवर राहा, म्हणजे माणसे कुठे बसतात आणि ऊन कुठून येते ते आपोआप कळते.

पहिलीपायरी:

सासूबाईंची खूण ३१ इंचांवर आली. ओटा त्याच मापाचा सांगितला आहे. कंत्राटदाराला नकार कळवला असून नळकाम आणि वायरिंग वेगवेगळ्या माणसांना दिले आहे, झिऱ्यांचे फोटो मोजपट्टीसह काढून ठेवले आहेत. बाथरूममध्ये परवा सकाळी पाणी भरले. पेन्सिलीची खूण आणि पाणी अजून एकाच रेषेत आहेत. आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःच स्टुलावर चढून छताला हात लावला, मग मीही लावला. कोरडे आहे. फरशीवाला उद्या नऊ वाजता येतो आहे.