मदत हवी आहे : अधूनमधून नापास होणाऱ्या टेस्टसाठी गिट बायसेक्ट कसे वापरावे?

नमस्कार. आमच्या सी प्लस प्लस प्रकल्पातील एक टेस्ट अधूनमधून नापास होते आणि हा दोष नेमक्या कोणत्या कमिटमुळे (कोडमधील नोंदवलेल्या बदलामुळे) शिरला, हे मला शोधायचे आहे. गिट बायसेक्ट ही सदोष कमिट शोधणारी गिटची आज्ञा प्रत्येक पायरीला संशयित कमिटची संख्या निम्मी करते, त्यामुळे 1000 कमिट असले तरी साधारण 10 पायऱ्या पुरतात. मात्र सदोष कमिटवर टेस्ट योगायोगाने उत्तीर्ण झाली, तर पुढचा सगळा शोध चुकीच्या दिशेने जातो.

म्हणून प्रत्येक पायरीला स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या बायसेक्ट रनला मी अशी स्क्रिप्ट देत आहे, जी टेस्ट वारंवार चालवते आणि एकदाही नापास झाल्यास 1, प्रत्येक वेळी उत्तीर्ण झाल्यास 0, तर बिल्डच न झाल्यास ते कमिट वगळण्यासाठी 125 हा एक्झिट कोड देते. तरीही 20 धावांत सरासरी एकदा नापास होणारी टेस्ट 60 वेळा चालवली, तरी दोष निसटण्याची शक्यता सुमारे 5 टक्के उरते, आणि ही जोखीम प्रत्येक सदोष कमिटच्या वेळी नव्याने येते.

मूळ कारण रेस कंडिशन (एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेड्सच्या क्रमावर निकाल अवलंबून असण्याचा दोष) असावे, असा माझा दाट संशय आहे. अशा वेळी धावा वाढवाव्यात, यंत्रावर मुद्दाम भार टाकावा, की प्रत्येक पायरीला थ्रेड सॅनिटायझरसह (असे दोष प्रोग्राम चालताना पकडणाऱ्या साधनासह) बिल्ड करून त्याच्या अहवालावरच निर्णय सोपवावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.