मदत हवी आहे: चार एकर कोरडवाहू ज्वारीसाठी शेततळ्याचा खर्च परवडेल का?

नमस्कार. मंगळवेढा तालुक्यात आमची चार एकर जिरायत जमीन आहे. तीन एकर खोल काळी असून उरलेल्या एकरात दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो. विहीर नाही. दोन बोअर घेतल्या, त्या कोरड्या गेल्या. रब्बीत मालदांडी ज्वारी आणि बांधाच्या कडेने थोडी करडई, एवढेच पीक. शेत वडील पाहतात. मी पुण्यात नोकरी करतो आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. म्हणून शेततळे करावे की नाही, हा निर्णयही माझ्यावर आला आहे.

२० बाय २० मीटर लांबी-रुंदी, ३ मीटर खोली आणि एकास एक उतार धरला, तर तळ्यात ८७६ घनमीटर, म्हणजे पावणेनऊ लाख लिटर पाणी मावते. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाणी द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागतात. बाष्पीभवन वजा जाता पोटरीच्या वेळी, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, तीन एकरांना पाण्याची एक पाळी निघेल, असे मी धरले आहे. खोदाई, तळ्यात अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद, कुंपण, इंजिन आणि तुषार संच मिळून मला १,९०,००० रुपयांचा अंदाज मिळाला आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचे कमाल ७५,००० रुपये अनुदान पूर्ण मिळाले, असे मानले तरी १,१५,००० रुपये आमचे जातात, आणि अनुदान खात्यावर येईपर्यंत सगळीच रक्कम उसनी उभी करावी लागते.

त्या एका पाळीने एकरी दोन क्विंटल ज्वारी वाढली, तर २०२५-२६ च्या ३,७४९ रुपये हमीभावाने तीन एकरांचे साधारण साडेबावीस हजार होतात. वरवर पाहता पाच वर्षांत खर्च निघतो. परंतु परतीचा पाऊस चांगला झाला, तर खोल काळ्या रानाला पाण्याची गरजच पडत नाही, आणि पाऊस अगदीच दडी मारून बसला, तर तळेही भरत नाही. म्हणजे उपयोग फक्त अधल्यामधल्या वर्षांचा. वडिलांच्या आठवणीप्रमाणे अशी वर्षे दहांत चार निघतात; मग तीच पाच वर्षे पुरी व्हायला बारा-तेरा वर्षे लागतील. शेजारच्या तळ्याचा कागद तिसऱ्याच उन्हाळ्यात फाटला, तेव्हा तो इतका टिकेल, हे मी कोणत्या भरवशावर धरावे?

माझा खरा घोळ कडब्यात आहे. पेंढ्या मोजताना वडील दर शेकड्यामागे एक पेंढी बाजूला उभी करतात. माझ्या वहीतले आकडे त्या उभ्या पेंढ्यांवरून आलेले आहेत. बहुतेक कडबा घरच्या दोन गाई आणि एक म्हैस यांनाच लागतो. पाण्यामुळे वाढणारा कडबा काढणीच्या वेळच्या दराने धरावा, की टंचाईच्या उन्हाळ्यात विकत घ्यावा लागतो त्या दराने? दुष्काळात हा दर जवळपास दुप्पट होतो, आणि त्या दराने मांडले की शेततळ्याचे गणित एकदम बरे दिसू लागते. या दिसण्यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरा मार्ग फार स्वस्त आहे: पावसाळ्यातच सारा यंत्राने १० बाय १० मीटरचे वाफे पाडून पाणी रानातच मुरवायचे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघून पेरायचे. मुरमाच्या एकरात मालदांडीऐवजी फुले सुचित्रा ही ज्वारीची जात घ्यावी, असेही मनात आहे. वडील मात्र भाकरीसाठी मालदांडीच हवी म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही.

ज्यांनी ज्वारीसाठी, डाळिंबासाठी नव्हे, शेततळे केले आहे, त्यांनी किती वर्षांत ते खरोखर उपयोगी पडले आणि कागद किती टिकला, हे कृपया सांगावे. केवळ वाफ्यांवर भागवणाऱ्यांचा अनुभवही हवा आहे, विशेषतः उथळ जमिनीतला. खोदाई उन्हाळ्यातच करावी लागते, आणि यंत्रवाल्याला गुढीपाडव्यापूर्वी होकार किंवा नकार कळवायचा आहे.